हरवलेले सामान आणि उघडी झोळी

प्रवासात सामान हरवलेल्या माणसाला दोन प्रकारचे उपदेशक भेटतात. एक म्हणतो, 'भांडा, सोडू नका.' दुसरा म्हणतो, 'जाऊ द्या, देवाचीच तशी इच्छा असेल. हलके होऊन चाला.' पदयात्रेला निघालेल्या श्रद्धावंताच्या वाट्याला बहुधा हा दुसरा उपदेश येतो. तो दिसतो तितका निर्दोष आहे का, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

फ्रान्समधील सॅं-झां-प्ये-द-पोर या गावातून स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथील संत याकोबाच्या कबरीपर्यंत सुमारे ७८० किलोमीटरची प्राचीन यात्रावाट जाते. पहिल्याच दिवशी पिरेनीज पर्वत ओलांडावा लागतो; चौदाशे मीटरहून अधिक उंची गाठून, पंचवीसेक किलोमीटर चालून रोन्सेसव्हालेसचा मठ येतो. उंचावरील ही वाट हवामानाच्या भयाने १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंदच असते. अशा ठिकाणी पावसाळी डगला ही चैन नव्हे. वसईतून निघालेल्या आमच्या सहा जणांच्या गटाचे विमान मुंबईहून पाच तास उशिरा सुटले, त्यामुळे पुढचे विमान चुकले, आणि शेवटच्या विमानतळावर सामानाचा पट्टा रिकामाच फिरत राहिला. बूट पायांत होते, एवढीच जमेची बाजू.

काठ्यासुद्धा सामानातच गेल्या होत्या. प्रभूने शिष्यांना प्रवासाला धाडताना काय काय नेऊ नये हे सांगितले, त्यात मार्क काठीला मुभा देतो, मत्तय आणि लूक तीही काढून घेतात. विमानतळावरील सुरक्षा तपासणी बहुधा मत्तय आणि लूक यांच्या बाजूची असावी!

'बरे झाले, प्रभूने तुम्हांला खरे यात्रेकरू केले,' असे आम्हांला एका हितचिंतकाने दूरध्वनीवर सांगितले. आमच्यातील एका निवृत्त शिक्षिकेने निवृत्तिवेतनातून तीन वर्षे पैसे बाजूला ठेवून या यात्रेची सामग्री जमवली होती. गुडघ्यांचे पट्टेही त्या सॅकमध्येच होते. त्यांना हे वाक्य ऐकवण्याचे धाडस आम्हांला झाले नाही. त्याग आपण होऊन करावयाचा असतो. कुणाच्या तरी हलगर्जीपणाने जे हातचे गेले, त्याला मागाहून त्यागाचे नाव देणे म्हणजे चोरीला गेलेल्या पैशाची दानपेटीत नोंद करण्यासारखे आहे. शिवाय, दुसऱ्याच्या वतीने दारिद्र्याचे व्रत घेण्याचा अधिकार कुणालाही नाही.

म्हणून हक्क मागण्यात आम्हांला काही अयोग्य वाटत नाही. १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराने, ज्यात भारत २००९ साली सामील झाला, उशिरा पोहोचलेल्या सामानाची जबाबदारी विमान कंपनीवर टाकली आहे; नुकसान टाळण्यासाठी शक्य ते सर्व केल्याचे तिने सिद्ध केले तरच तिची सुटका होते. विमानतळ सोडण्यापूर्वी लेखी तक्रार नोंदवावी, तिचा क्रमांक घ्यावा, खरेदीच्या पावत्या जपाव्यात आणि सामान हाती आल्यापासून एकवीस दिवसांच्या आत लेखी मागणी करावी. एकवीस दिवसांत सामान आलेच नाही, तर ते हरवले असे धरता येते.

परंतु हक्क मागावयाचा कुणाकडे? काउंटरवर विशीतली एक मुलगी बसली होती. आमच्या पुढचा प्रवासी तिच्यावर इतका ओरडला की तिचे हात थरथरू लागले. सामान विमानात चढवण्याचे राहिले ते दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कुणाच्या हातून. संत थॉमस अक्वायनस यांनी रागाला सरसकट पाप म्हटलेले नाही. जेथे राग यावा तेथे तो न येणे हाही दोष असू शकतो, असे ते मानतात. मात्र राग विवेकाच्या ताब्यात असावा, ही त्यांची अट आहे. जवळ सापडेल त्याच्यावर कोसळणारा राग त्या अटीत बसत नाही. सहनशीलतेचा अर्थही त्यांच्या मते गप्प बसणे नव्हे, तर दुःखाने विवेक ढळू न देणे. शिक्षिकाबाईंनी त्या मुलीकडून तक्रार अक्षर अन् अक्षर लिहून घेतली, आणि तिला प्यायला पाणीही दिले.

बाराव्या शतकातील 'कोडेक्स कॅलिक्स्टिनस' या ग्रंथातील एका प्रवचनात यात्रेकरूच्या झोळीचा अर्थ सांगितला आहे. ती अरुंद असते, कारण शिधा थोडाच घ्यावयाचा. आणि तिचे तोंड बांधलेले नसते, कारण द्यावयाचेही असते आणि घ्यावयाचेही. देण्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. घेणे त्याहून अवघड, विशेषतः आयुष्यभर ज्यांनी दिले त्यांना. या वाटेवरील अनेक यात्रीनिवासांत मागच्या यात्रेकरूंनी टाकून दिलेल्या वस्तूंची पेटी असते. अशा पेटीतला, कुणा अनोळखी माणसाच्या अंगाचा वास असलेला डगला उचलताना बाई बराच वेळ घुटमळल्या. शेवटी त्यांनी तो घातला, आणि त्याच डगल्यात पाऊस झेलत पर्वत ओलांडला.

तिसऱ्या दिवशी पाम्प्लोना शहरात सामान आले. मागणीपत्र भरताना गटातील एकाने सुचवले की, डगल्याचीही किंमत लावावी. नवा घेतला असता तर कंपनीलाच द्यावी लागली असती. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. बाईंनी फक्त तीन पावत्या जोडल्या: गुडघ्यांचे पट्टे, मोजे आणि साबण. डगल्यापुढे त्यांनी काहीच लिहिले नाही. तो त्यांनी पाम्प्लोनाच्या यात्रीनिवासातील पेटीत घडी करून ठेवला.