सोबत्याचे दुसरे आयुष्य

आपल्या आयुष्याला निराळे वळण लागले असते तर काय झाले असते, ह्या विचारात मनुष्याला एक प्रकारचे गोड दुःख होत असते, आणि म्हणूनच तो पुनःपुन्हा त्याकडे वळतो. ती नोकरी पत्करली असती तर, वडिलांचा सल्ला मानला असता तर, अशा रीतीने प्रत्येक जण मनातल्या मनात आणखी पाच-सात आयुष्ये जगून घेतो. मात्र ह्या सर्व आयुष्यांचा नायक तो स्वतःच असतो. ज्या माणसाच्या संगतीत आपण तीस-चाळीस वर्षे काढली, त्यालाही अशी न जगलेली आयुष्ये असतील आणि त्यांपैकी कित्येकांत आपला मागमूसही नसेल, हा विचार सहसा कोणाला शिवत नाही. शिवला तरी रुचत नाही. ह्या न रुचण्यात काही नैतिक उणेपण आहे काय, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

प्रश्नाला निमित्त झाली ती एक श्रुतिका. बदलापूरनजीक सोनिवली येथे आम्ही राहतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली असता नातीने आपल्या मोबाइलवर आम्हा उभयतांस एक इंग्रजी ध्वनिनाट्य ऐकविले. काळातून भ्रमण करणारा एक प्रवासी आणि त्याच्यासोबत हिंडणारी माणसे ह्यांची 'डॉक्टर हू' ही मालिका बीबीसीने १९६३ साली दूरचित्रवाणीवर सुरू केली. बिग फिनिश नावाची संस्था १९९९ पासून त्याच प्रवाशाची नाटके केवळ ध्वनीच्या आधारे रचीत आली आहे. आम्ही ऐकले ते त्यांपैकी २००१ सालचे 'स्टॉर्म वॉर्निंग'.

त्याचा पाया ऐतिहासिक आहे. 'आर १०१' ही प्रचंड ब्रिटिश वायुनौका ऑक्टोबर १९३० मध्ये कराचीस जावयास निघाली, आणि ५ तारखेच्या पहाटे फ्रान्समध्ये कोसळून जळाली. तीत असलेल्या ५४ माणसांपैकी ४८ माणसे दगावली. नाटककाराने ह्या नौकेत शार्लट पोलार्ड नावाची, साहसाची ओढ असलेली एक कल्पित तरुणी लपून चढविली आहे. इतिहासाच्या हिशेबी तीही मरावयाची. पण प्रवासी तिला वाचवितो आणि ती त्याची सोबतीण होते. पुढील नाटकांत तिच्या जगण्यामुळेच काळाचे वस्त्र उसवू लागते. अशा रीतीने तिची दोन आयुष्ये होतात: एक अठराव्या वर्षी संपलेले, दुसरे प्रवाशाच्या हातून मिळालेले. ध्वनिनाट्यात चेहरा दिसत नाही, केवळ आवाज असतो. त्यामुळे एरव्ही केव्हाच मिटला असता असा आवाज आपल्या कानाशी बोलत आहे, ही जाणीव श्रोत्यास क्षणभरही सोडीत नाही.

मराठी वाचकास येथे डॉ. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' ह्या कथेचे स्मरण व्हावे. १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांस लागलेली गोळी निसटून गेली असती तर मराठे जिंकते, आणि तसे जिंकलेले एक जग खरोखरच कोठेतरी असेल, अशी ती कल्पना आहे. त्या जगात जाऊन पडलेले गंगाधरपंत मुंबईस आपल्या मुलाची चौकशी करतात. त्या नावाचा कोणी नाही असे कळते, आणि ते इतिहासाचे ग्रंथ चाळावयास ग्रंथालयाकडे वळतात. इतिहासकाराला हे शोभणारेच आहे. परंतु मला आता त्या मुलाविषयी अधिक कुतूहल वाटते. तो त्या जगात जन्मलाच नसेल, किंवा दुसऱ्या एखाद्या नावाने सुखाने नांदतही असेल. आपल्या नावाने हाक मारली आणि ओ आली नाही, एवढ्यावरून पलीकडे कोणी नाहीच असे म्हणता येईल काय?

नाटक संपले तेव्हा वीज आलेली नव्हती. अंधारात सौभाग्यवती म्हणाली, "ह्या मुलीला कोणी विचारलं का, तुला कुठलं आयुष्य हवं म्हणून?"

मला उत्तर सुचले नाही. सुचली ती आमच्या घरातली एक पत्र्याची ट्रंक. १९७८ साली पुण्याच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविण्यासाठी तिला बोलावणे आले होते. त्याच महिन्यात माझी बदली कल्याणच्या बाजूस झाली, आणि ते पत्र ट्रंकेच्या तळाशी गेले. मी तिला मनाई केली नव्हती. पण विचारलेही नव्हते. तिने तक्रार केली नाही, तिचा अर्थ मी संमती असा केला आणि पुढे तिला समाधान असे नाव दिले. अंधारामुळे धीर येऊन मी म्हणालो, "तू पुण्यास गेली असतीस तर त्या आयुष्यात मी कदाचित नसतो."

"नसता," ती शांतपणे म्हणाली, "पण मी असते ना!"

ह्या चार शब्दांवर मी पुष्कळ दिवस विचार केला आहे. कोणी म्हणेल, जे घडलेच नाही त्याचे ऋण कसले? शिवाय अशा विचाराने प्रत्यक्ष लाभलेल्या संसाराविषयी कृतघ्नता उत्पन्न होईल. पहिल्या आक्षेपाचे उत्तर आमच्या शेजारीच आहे. ती वायुनौका ज्या कराचीस पोहोचली नाही, त्या कराचीहून आणि सिंधमधील इतर गावांहून फाळणीनंतर हजारो कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन राहिली; ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या लोकांचे तिकडचे पुढील आयुष्यही घडलेच नाही. म्हणून त्यांचे काही गेले नाही असे म्हणण्याचे धाडस कोण करील? आणि दुसऱ्या आक्षेपाचेही उत्तर तेथेच आहे. तेथील एखाद्या वृद्धेचे दुकान भरभराटीस आले, नातवंडे अंगणात खेळू लागली, म्हणून तिने सिंधू नदीची आठवण काढून डोळे पुसू नयेत काय? तिचे नातवंडांवरील प्रेम खरे, आणि ते अश्रूही खरे. एकाने दुसरे खोटे ठरत नाही. न जगलेल्या आयुष्याचे दुःख म्हणजे जगलेल्या आयुष्याचा धिक्कार नव्हे.

फाळणीने हिरावलेले आणि संसारात मुकाट्याने सोडलेले, ह्या दोहोंत अर्थातच महदंतर आहे. पण त्यामुळे आमच्यासारख्यांचा दोष कमी होत नाही, वाढतो. फाळणीने निर्वासितास विचारले नाही, कारण तिला तोंड नव्हते. मला होते.

मग कर्तव्य काय? गेलेले आयुष्य परत देण्याची शक्ती त्या प्रवाशाच्या अंगी होती, आपल्या अंगी नाही. उशिरा मागितलेल्या क्षमेने वनस्पतिशास्त्राचा एकही तास भरून निघत नाही. तथापि सोबती हा आपल्या चरित्रातील एक प्रकरण नसून त्याचे स्वतंत्र चरित्र आहे, आणि आपण त्यातील एक प्रकरण आहो, एवढे मान्य करणे आपल्या हाती आहे. विचारणे आणि उत्तर आपल्याविरुद्ध गेले तरी शेवटपर्यंत ऐकून घेणे, हेही आपल्या हाती आहे. ज्या जगात आपण नाही त्या जगातही आपल्या माणसाचे बरे व्हावे असे वाटणे, ही प्रेमाची खरी कसोटी होय. तीत मी उतरलो असे म्हणण्याचे धैर्य मला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ट्रंक उघडून ते पत्र बाहेर काढले. चष्मा लावून तिने ते मोठ्याने वाचले. इतक्या वर्षांत त्यातील मजकूर मी प्रथमच ऐकत होतो.