हिस्ट्री पुसली, पण कॅशचं काय?



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६२ आणि ६३.

टीममधल्या एका ज्युनिअर मुलाने परवा चहाच्या टपरीवर विचारलं, "दादा, मी रोज रात्री नको ते बघत बसतो. झालं की लगेच हिस्ट्री क्लिअर करतो आणि ठरवतो, उद्यापासून बंद. चार दिवसांनी पुन्हा तेच. असं का होतं?" विचारताना तो माझ्याकडे बघत नव्हता. प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, म्हणून नाव न घेता इथे लिहितोय.

आधी आपल्या धंद्यातली गोष्ट. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबलं की एक चौकट उघडते. तिथे हिस्ट्री, कुकीज आणि कॅश यांच्यासमोर वेगवेगळी टिक असते. हिस्ट्री म्हणजे आपण कुठे कुठे जाऊन आलो त्याची यादी. कुकी म्हणजे पुढच्या वेळी आपली ओळख पटावी म्हणून साइटने आपल्याकडेच ठेवलेली चिठ्ठी. आणि कॅश (पैसे नव्हेत!) म्हणजे पानावरची चित्रं आणि फाइली यांची आपल्या मशीनवर ठेवलेली प्रत, तेच पान पुन्हा पटकन उघडावं म्हणून. फक्त हिस्ट्रीला टिक केली, तर यादी जाते आणि प्रती तशाच राहतात.

मनाचंही तेच. घडलेला प्रसंग ही हिस्ट्री. त्याचा मागे राहिलेला ठसा ही कॅश. योगशास्त्रात त्याला संस्कार म्हणतात. प्रसंग विसरला तरी ठसा राहतो, म्हणून दुसऱ्यांदा तीच वाट लवकर उघडते.

आता श्लोकांकडे येऊ. भगवंत इथे एक साखळी सांगतात. विषयांचं चिंतन करत राहिलं की ओढ लागते. ओढीतून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृतिभ्रंश, मग बुद्धिनाश. तिथे माणूस संपतो.

यात दोन गोष्टी बघा. पहिली, सुरुवात कृतीपासून नाही, चिंतनापासून आहे. क्लिक करण्याच्या कितीतरी आधी. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. या साखळीत विसरणं हे औषध नाहीच, ती घसरणीची पायरी आहे! आपण डिलीट दाबतो ते विसरायला. आणि गीता सांगते, विसरलास म्हणून तर घसरलास. काय विसरलो? मी कोण, काय ठरवलं होतं आणि मी कोणाचा आहे. म्हणून तर अठराव्या अध्यायात, श्लोक ७३ मध्ये, अर्जुन सांगतो की मोह गेला आणि स्मृती परत आली.

"मग इन्कॉग्निटो वापरू का?" असं कुणीतरी विचारणारच. त्याने फक्त आपल्या मशीनवर नोंद राहत नाही. आपण कुठल्या साइटवर गेलो ते त्या साइटला आणि नेटवर्क चालवणाऱ्याला कळू शकतंच. आणि ईश्वर तर सगळ्यांच्या हृदयात बसलेला आहे, हे अठराव्याच अध्यायात आहे. हे वाचून घाबरू नका. तो सीसीटीव्ही नाही. रात्री दोन वाजता तो तिथेच होता आणि सकाळी सहालाही तुम्हाला सोडून गेलेला नाही. मग त्याच्यापासून काय लपवायचं? त्यालाच सांगा की.

उपाय काय? सहाव्या अध्यायात दिलाय: अभ्यास आणि वैराग्य. अ‍ॅड्रेस बारमध्ये एक अक्षर टाइप केलं की आपण वारंवार जातो ती जागा आधी सुचते. यादी पुसली आणि पुन्हा तिथेच गेलो, तर चार दिवसांत तीच सूचना परत येते. रोज दुसरीकडे जायला लागलो, तर हळूहळू ती दुसरी जागा वर येते. माझ्या आजीला शेवटी दिसत नव्हतं, तरी संध्याकाळ झाली की पुस्तकाशिवाय हरिपाठ सुरू व्हायचा. तीही कॅशच! मन रिकामं करायचं नाहीये, त्यात काय साठतंय ते बदलायचंय.

आजचा सराव साधा आहे. फोन रात्री झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावा. हात शिवशिवला की त्याच क्षणी नाम सुरू करा, मन लागो न लागो. घसरलात तर पुसापुशी करत बसू नका. सकाळी देवासमोर एका वाक्यात सांगा आणि पुन्हा सुरुवात करा. सवय झोप किंवा काम खात असेल तर समुपदेशकाकडे जा, त्यात भक्तीला कमीपणा नाही.

उद्या श्लोक ६४ घेऊ. याच विषयांमध्ये वावरूनही प्रसन्न कसं राहायचं, ते तिथे आहे.

राम कृष्ण हरी!