बांधीतून मेंदूकडे

सावकाश श्वास सोडा. घाई नको. नाकातून गेलेली ती उबदार हवा पुढे कुठे जाते, एवढंच आधी मनात आणा. तिच्यातला कार्बन डायऑक्साइड वाऱ्यावर पसरत जातो. तिन्हीसांजेला उडणाऱ्या क्युलेक्स डासाच्या मादीला सोंडेजवळच्या दोन आखूड स्पर्शांगांनी तो कळतो. जवळ आल्यावर घामातलं लॅक्टिक आम्ल, अंगाची ऊब. अंडी घालण्यासाठी तिला रक्तातली प्रथिनं हवी आहेत.

आता ती आली त्या वाटेने मागे चला. भंडारा-गोंदियाकडची, नुकती रोवणी झालेली बांधी, म्हणजे भाताचं खाचर, डोळ्यांपुढे आणा. उथळ पाणी, त्यावर ऊन, रोपं अजून विरळ. क्युलेक्स विष्णुई गटातल्या डासांना हेच पाणी मानवतं. युरिया पडला की पाण्यात शेवाळ आणि सूक्ष्मजीव वाढतात, अळ्यांचं पोट भरतं. धान दाट होऊन सावली धरू लागलं की अळ्या कमी होतात. इथे जरा रेंगाळा. ज्या पाण्यावर आपला भात पिकतो, त्याच पाण्यात हे सगळं चाललेलं असतं.

बांधावर बगळे उभे आहेत. हे डास वाहून नेतात तो जपानी मेंदूज्वराचा विषाणू बगळ्यांच्या रक्तात वाढतो आणि ते ठणठणीत राहतात. गावाकडच्या डुकरांत तो आणखी जोमाने वाढतो. हे डास सर्वाधिक चावतात ते गाईबैलांना, पण तिथे विषाणूचा फारसा जम बसत नाही.

आणि माणूस? आपल्या रक्तात हा विषाणू इतका थोडा असतो की दुसऱ्या डासाला तो इथून उचलता येत नाही. आपल्यापाशी त्याची वाट संपते. लागण झालेल्या बहुतेकांना काही जाणवतही नाही. सुमारे 250 जणांत एखाद्याच्या मेंदूला सूज येते. त्या एकापाशी थांबा, कारण ते बहुधा लहान मूल असतं. ताप, झटके, बेशुद्धी. अशा आजाऱ्यांपैकी 30 टक्क्यांपर्यंत दगावतात, आणि वाचलेल्यांतही अनेकांना अपंगत्व, फेफरं किंवा वाचेचा दोष उरतो.

1885 मध्ये पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या शरीरात रंग सोडले, तेव्हा इतर अवयव रंगले आणि मेंदू जवळजवळ कोरा राहिला. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा असतो; हा विषाणू तो ओलांडतो. अनेक औषधांना मात्र ओलांडता येत नाही. या आजारावर विषाणू मारणारं औषध आजही नाही. मला हे फार बोचतं.

लस आहे. कोलारच्या एका रुग्णाकडून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मिळवलेल्या विषाणूपासून भारतीय लस तयार झाली आणि 2013 मध्ये वापरात आली. पण इथे आणखी एक गोष्ट शांतपणे मनात घोळवा. गोवरात शेजारच्या मुलांनी लस घेतली की तुमच्याही मुलाला थोडा आडोसा मिळतो. इथे तो मिळत नाही. गावातल्या 99 मुलांना लस मिळाली, तरी विषाणू बगळ्यांत आणि डुकरांत फिरतच राहतो, आणि शंभराव्या मुलाचा धोका होता तेवढाच राहतो.

ते शंभरावं मूल कोणाचं असेल, याचा विचार करा. रोवणीसाठी दुसऱ्या गावी गेलेल्या मजुराचं? लसीकरणाच्या दिवशी घराला कुलूप होतं त्याचं? या आजाराच्या जिल्ह्यांत पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर देतात आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान. त्या घरी पुन्हा जावं लागेल.