आजीचे ऋण आणि महाप्रजापतीची वाट

(आजीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात विहारात केलेले प्रवचन)



आईवडिलांचे ऋण कसे फेडावे हा प्रश्न माणसाला फार पूर्वीपासून पडलेला आहे. ज्या धर्मातून आपण बाहेर पडलो, त्याचे उत्तर असे की मेल्यावर पिंड द्यावा, श्राद्ध घालावे, ब्राह्मणाला दक्षिणा द्यावी, म्हणजे पितर तृप्त होतात. तथागतांचे उत्तर निराळे आहे. अंगुत्तर निकायात ते भिक्खूंना सांगतात की एखाद्याने आईला एका खांद्यावर आणि बापाला दुसऱ्या खांद्यावर घेऊन शंभर वर्षे वाहिले, त्यांना न्हाऊ घातले, त्यांचे अंग चेपले, तरीही ऋण फिटत नाही. ते फिटते एकाच मार्गाने. आईबापांना श्रद्धा नसेल तर श्रद्धेत, शील नसेल तर शीलात, दान नसेल तर दानात आणि प्रज्ञा नसेल तर प्रज्ञेत जो त्यांना स्थिर करील, त्याने ते फेडले.

आज ज्या आजीच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, तिला ही कसोटी लावू गेले म्हणजे आम्ही नातवंडे अडचणीत येतो. तिला शीलात स्थिर कोणी केले? आम्ही शिकलेल्यांनी? मुळीच नाही. आम्हांला शीलात तिनेच स्थिर केले. जिने दूधही दिले आणि धम्मही दिला, तिचे ऋण फेडायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला महाप्रजापती गौतमी आठवतात.

सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी महामाया वारल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीने, महाप्रजापतीने, पोटचा नंद दाईंच्या हवाली केला आणि बहिणीच्या मुलाला स्वतःचे दूध पाजले, असे परंपरा सांगते. हे वाचताना आपल्याला दुसरे एक घर आठवल्याशिवाय राहत नाही. सातारच्या मुक्कामी भीमाबाई वारल्या तेव्हा भीमराव जेमतेम पाच वर्षांचे होते. त्या पोरक्या मुलांना त्यांची आत्या मीराबाई यांनी सांभाळले. इकडे मावशी, तिकडे आत्या. जन्म देणारी गेली तरी घर उभे ठेवणारी बाई मागे राहिली, म्हणून जगाला बुद्ध मिळाला आणि आपल्याला बाबासाहेब मिळाले.

परंतु गौतमींचे थोरपण संगोपनापाशी संपत नाही. शुद्धोदनांच्या पश्चात त्यांनी कपिलवस्तूच्या निग्रोधारामात जाऊन स्त्रियांना संघात घ्यावे अशी विनंती केली. एकदा नव्हे, तीनदा केली. तिन्ही वेळा नकार मिळाला. दुसरी कोणी असती तर राजवाड्यात परत जाऊन बसली असती. गौतमींनी केस कापले, काषाय वस्त्र नेसले आणि शाक्य स्त्रियांना बरोबर घेऊन वैशालीची वाट धरली. पायांना सूज, अंगावर धूळ, डोळ्यांत पाणी अशा स्थितीत त्या महावनातील कूटागारशाळेच्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. आनंदाने त्यांची बाजू घेतली आणि तथागतांना सरळ प्रश्न विचारला की घर सोडून धम्म आचरणारी स्त्री अर्हतपदाला पोहोचू शकते की नाही? तथागत म्हणाले, पोहोचू शकते. त्या एका उत्तराने दार उघडले. पुढेही गौतमी गप्प बसल्या नाहीत. भिक्खू आणि भिक्खुणी यांनी परस्परांना वंदन करावे ते ज्येष्ठतेप्रमाणे, स्त्री-पुरुष पाहून नव्हे, असे मागणे त्यांनी आनंदाकरवी पुन्हा केले. ते मान्य झाले नाही, तरी त्यांनी ते केले होते ही गोष्ट विनयपिटकाने लपवलेली नाही.

बुद्धामुळे भारतीय स्त्रीचा अधःपात झाला असा आरोप जेव्हा करण्यात आला, तेव्हा 1951 साली ‘महाबोधी’ नियतकालिकात लेख लिहून बाबासाहेबांनी तो खोडून काढला. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही त्यांनी महाप्रजापतीच्या दीक्षेला मानाचे स्थान दिले. दर वर्षावासात आपल्या विहारात या ग्रंथाचे वाचन होते. ही कथा आली की आजी वाचणाऱ्या पोराला थांबवायची आणि विचारायची, “येवढी मोठी राणी, अन् पायी गेली?” होय म्हटले की मान हलवून म्हणायची, “मंग बरोबर हाय. गाडीत बसून काही मिळत नाही.”

हे बोलण्याचा तिला अधिकार होता. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात प. पू. बाबासाहेबांनी लाखोंच्या समुदायाला धम्मदीक्षा दिली, त्या समुदायात पांढरे लुगडे नेसलेली आमची आजी होती. तेव्हा ती पंचविशीच्या आतबाहेर असेल. भाकरी बांधून, कडेवर मूल घेऊन, गावापासून रेल्वे स्टेशनापर्यंत ती पायी गेली होती. परत आल्यावर तिने देव्हारा रिकामा केला. सासू रडली. भावकीतले म्हणाले, देव सोडलेस, आता घरावर कोप होईल. आजीचे उत्तर आमच्या घरात अजून सांगितले जाते: “आम्ही देव सोडला म्हणता, पण देवानं आमाले कधी धरलं होतं?” त्या रिकाम्या कोनाड्यात तिने मुलांची पाटी ठेवली. घरात अक्षर ओळखणारे कोणी नव्हते, पण अक्षराची जागा आधी तयार झाली.

तिला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. त्रिसरण-पंचशील तिने कानाने शिकले. पाली शब्दांचा अर्थ विचारला तर ती आपल्या भाषेत सांगायची. ‘वेरमणी’ म्हणजे काय असे मी लहानपणी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “वेरमणी म्हंजे हात मागं घेणं.” पुढे महाविद्यालयात मी या शब्दाची व्युत्पत्ती वाचली. तिच्या अर्थाला त्यात काही कमी-जास्त करावे लागले नाही. एका बुद्ध जयंतीला घरचाच एक जावई दारू पिऊन विहारात आला. माणसे धावून गेली. आजीने त्याला हाताला धरून बाहेर ओट्यावर बसवले, पाणी दिले, भाकर दिली आणि बजावले, “भूक असन त पोटभर जेव. पण ही दारू घेऊन आत येऊ नको.” त्या दिवशी तिने शील मोडू दिले नाही, आणि करुणाही सोडली नाही.

मी दहावी झाले तेव्हा माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. आजीने माझ्या वडिलांना सांगितले, “पोरीले शिकू दे. लगन काही पळून नाही चाललं.” वडिलांनी पैशाची अडचण पुढे केली. सत्तरी ओलांडलेली ती बाई दुसऱ्या दिवशी ओटी बांधून कापूस वेचायला निघाली. मग वडिलांना काही बोलायला जागाच उरली नाही. आमच्या घरातून विद्यापीठाची पदवी घेणारी मी पहिली. आज मी शाळेत शिकवते. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की समाजाची प्रगती ते त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. आजीने ते भाषण वाचलेले नव्हते. तिने ते आमच्या घरात अंमलात आणले.

नव्वदी ओलांडून आजी गेली. सर्व संस्कार अनित्य आहेत हे आपल्याला ठाऊक आहे, तरी डोळे भरतात. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. अपदान ग्रंथ सांगतो की महाप्रजापती 120 वर्षांच्या होऊन परिनिर्वाणास निघाल्या, तेव्हा त्यांनी रडणाऱ्यांचे सांत्वन केले, आणि आनंद तेव्हा अर्हत झालेला नसल्यामुळे रडला. त्यांच्या अंत्ययात्रेत तिच्या सन्मानार्थ स्वतः तथागत मागून चालले, असे त्यात वर्णन आहे. ज्या मुलाला तिने वाढवले, तो जगाचा शास्ता होऊनही तिच्या मागून चालला!

आता मी कटू वाटेल असे बोलते. आजी गेल्यावर आमच्याच काही नातेवाइकांनी दहाव्याचा विषय काढला. म्हणाले, पिंड ठेवायला काय हरकत आहे, कावळा शिवला म्हणजे जिवाला बरे वाटते, चार लोक काय म्हणतील? हे म्हणणारे अडाणी नाहीत. त्यांच्यापैकी काहीजण नोकरदार आहेत, त्यांच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे. परंतु बावीस प्रतिज्ञांतील सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष आणि पिंडदान स्पष्टपणे नाकारते. निरक्षर बाईने सासूच्या रडण्यासमोर जी प्रतिज्ञा पाळली, ती तिच्याच नावाने, तिच्याच मरणाच्या निमित्ताने आपण मोडायची काय? तिचे शेवटचे सांगणे घरातल्या सर्वांनी ऐकले आहे: “माह्यासाठी कावळ्याची वाट पाहू नका. शाळेतल्या पोराइले वह्या घेऊन द्या.” त्याप्रमाणे आज शाळेच्या मुलांना वह्या दिल्या आहेत. दहावा झाला नाही, होणारही नाही.

बंधुभगिनींनो, अपदानात गौतमी तथागतांना अशा अर्थाचे सांगतात की तुझा देह मी दुधाने वाढवला, आणि तू मला धम्माने वाढवलेस. दोघांचे ऋण असे फिटले. आपल्या बाबतीत दोन्ही बाजूंचे देणे एकट्या आजीनेच दिले आहे. तिला परत देण्यासारखे आपल्यापाशी काही उरलेले नाही. म्हणून हे ऋण मागे फेडायचे नसून पुढे फेडायचे आहे. ज्याच्या घरात मुलगी आहे, त्याने पैशाची सबब सांगून तिचे शिक्षण थांबवू नये. ज्याच्या घरात म्हातारी माणसे आहेत, त्याने त्यांना जिवंतपणी वेळेवर भाकर आणि औषध द्यावे, आणि वर्षावासाच्या वाचनाला हाताला धरून विहारात आणावे. आणि ज्याने बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत, त्याने त्या मुहूर्ताच्या वेळी, दहाव्याच्या वेळी, म्हणजे जेव्हा पाळणे जड जाते नेमके तेव्हा पाळाव्यात.

आजच्या या कुशल कर्माचे पुण्य आम्ही आजीच्या स्मृतीस अर्पण करतो. महाप्रजापतींनी जी वाट चालून दाखवली, त्या वाटेने आपल्या लेकी-सुना निर्भयपणे चालोत.

नमो बुद्धाय! जय भीम!