पोस्टकार्डाच्या दोन बाजू



पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) आघाडीवरचे सैनिक घरी पोस्टकार्डे पाठवीत. काही कार्डे फार सुंदर असत. फ्रान्स व बेल्जियममधील स्त्रिया त्यांवर रेशमी धाग्यांनी फुले आणि ध्वज भरत.

छापील चित्रांचा हेतू पुष्कळदा निराळा असे. शत्रू म्हणजे राक्षस नाहीतर विदूषक, आपला शिपाई वीर आणि त्याच्या पाठीशी ख्रिस्त किंवा देवदूत! जर्मन कार्डांवर ‘देव आमच्याबरोबर आहे’ हे ब्रीद छापलेले असे. समोरच्या पक्षानेही देवाला आपल्याच पलटणीत भरती केले होते. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १ ऑगस्ट १९१७ रोजी लढणाऱ्या राष्ट्रांच्या प्रमुखांना पत्र लिहून हा संहार निष्फळ असल्याचे बजावले. युद्ध मात्र थांबले नाही.

ब्रिटिश सैन्यात एक बिनचित्राचे कार्डही होते. ‘मी बरा आहे’, ‘मला इस्पितळात दाखल केले आहे’ अशी वाक्ये त्यावर आधीच छापलेली असत. नको ती खोडायची, तारीख घालून सही करायची. जास्त काही लिहिल्यास कार्ड नष्ट केले जाईल, अशी तंबीही त्यावरच होती.

मरणाच्या छायेत बसलेल्या मुलाने ‘मी बरा आहे’ हे वाक्य तसेच ठेवले, तर तो खोटे बोलला का? संत ऑगस्टीन चांगल्या हेतूने बोललेले असत्यही माफ करीत नाहीत. तरीही तो मुलगा आम्हाला खोटा वाटत नाही. वाक्ये त्याची नव्हतीच. तारीख आणि सही तेवढी त्याची होती. त्या दिवशी आपला मुलगा जिवंत होता, एवढे त्यातून आईला कळे आणि ते खरे होते.

चित्र छापणाऱ्याचे तसे नाही. न पाहिलेल्या माणसाला त्याने राक्षस ठरवले. आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते आणि शत्रूही त्या आज्ञेतला शेजारीच आहे. दुःख याचे की, मुलाने मायेने लिहिलेल्या चार ओळींच्या पाठीवर बसून तो द्वेष घरात शिरला.

आज अशी तयार चित्रे आपल्या मोबाईलवर येतात, कधी देवाच्या नावाने, कधी देशाच्या. ती आपण आपल्या माणसांनाच पाठवतो. पाठवण्यापूर्वी स्वतःला विचारू या: चित्रात ज्याची विटंबना आहे, त्याच्या आईला हे दाखवता येईल का? याखाली आपण आपली सही करू का?

तुमचे प्रमुख धर्मगुरू