मेलेल्याची स्तुती

मेलेल्या माणसाची स्तुती करायला काही खर्च येत नाही. खर्च येतो तो जिवंताची करायला. आणि तो आपल्याच धंद्यातला असला, तर विचारूच नका!

इंग्लंडातले टॉमस गर्टिन आणि टर्नर हे दोन चित्रकार बघा. दोघांचा जन्म १७७५ चा, दोघेही जलरंगवाले. उमेदवारीच्या काळात डॉक्टर मन्रो यांच्या घरी दोघं एकाच कागदावर राबत. रेषा गर्टिनच्या, रंग टर्नरचे. १८०० साली गर्टिननं 'चेल्सीचं पांढरं घर' रंगवलं. जेमतेम फूटभर उंचीचं चित्र. संथ थेम्स नदी, उतरता उजेड आणि दूर काठावर इवलंसं घर. गंमत म्हणजे नजर खिळते ती त्या घरावरच, आणि तिथं रंगच नाही. कागद कोरा सोडलाय!

१८०२ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गर्टिन गेला. टर्नर १८५१ पर्यंत जगला. पैसा, कीर्ती, सगळं मिळवून. टॉम जगता तर मी उपाशी मेलो असतो, असं तो म्हणे, असं सांगतात.

माझ्यातला संशयी गृहस्थ लगेच विचारतो, "टॉम खरंच जगता, तर हा असं बोलला असता का?"

नसताही कदाचित. पण जिवंताची स्तुती करताना ती कधीतरी परत मिळेल, अशी आशा असते. मेलेला परतफेड करत नाही, की वसुलीलाही येत नाही. तरीही त्याचं देणं चारचौघांत कबूल करायचं, म्हणजे आपल्या भरगच्च चित्रात एक जागा कोरी सोडायची.

मला अजून ते जमलेलं नाही. माझे स्पर्धक अद्याप ठणठणीत आहेत, हे एक कारण.