खरेदी आणि वहिवाट

कात्रज, शिवापूर, कापूरहोळ अशी गावे मागे टाकीत डोंगरी बांधणीची नवी सायकल पुण्याहून किकवीस आणली, त्या संध्याकाळी रीतसर पावती खिशात होती, तीवर सायकलीचा क्रमांक होता, आणि तरीही अंगणात तिच्याजवळ उभा असता 'ही माझी' हे शब्द काही केल्या मनातून उमटेनात.

कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या कारकिर्दीत (१०७६ ते ११२६) याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने दायविभागाच्या आरंभी हाच प्रश्न वेगळ्या प्रसंगाने उभा केला आहे: वस्तूवरील स्वत्व शास्त्राने उत्पन्न होते, की लोकव्यवहाराने? शास्त्राचा गंधही नसलेल्या सीमेवरील लोकांतसुद्धा क्रयविक्रय चालतो, म्हणून स्वत्व लौकिकच होय, असा त्याचा निर्णय आहे. तो मला मान्य आहे; परंतु आमच्या भोर तालुक्यातील शेतकरी त्यात एका शब्दाची भर घालील, आणि तो शब्द म्हणजे वहिवाट. खरेदीखत एका दुपारी नोंदले जाते, कबजाही त्याच दिवशी मिळतो; पण बांध कोठे खचतो आणि पाणी कोणत्या कोपऱ्यात साचते, हे दोन पावसाळे त्या रानात काढल्यावाचून कोणास कळत नाही.

माझी वहिवाट पडण्यापासून सुरू झाली. जुन्या सायकलीचा ब्रेक मूठ आवळल्यावाचून लागत नसे, येथे चकतीच्या ब्रेकला एका बोटाचा दाब पुरतो. ही गोष्ट बुद्धीस ठाऊक असूनही मुरमाच्या उतारावर हाताने जुनाच हिशेब केला, पुढचे चाक घसरले, आणि दांडीवर वीतभर ओरखडा उठला. कोपरातून रक्त येत असता मी आधी तो ओरखडा पुसू लागलो! पुढे हळूहळू उतारावर अंगाचा भार मागे न्यावा, नजर खड्ड्यावर न खिळवता पुढील वाटेवर ठेवावी, चढ लागण्यापूर्वीच गिअर हलका करावा म्हणजे साखळी कुरकुरत नाही, या गोष्टी विचारावाचून घडू लागल्या. पतंजलीने अभ्यास दृढ होण्यास दीर्घकाळ आणि सातत्य यांच्या जोडीस सत्कार, म्हणजे आदर, सांगितला आहे. या तिसऱ्या अटीचे मर्म मला साखळीवरील माती जुन्या फडक्याने पुसताना उमगले, कारण जी वस्तू आपण आदराने हाताळीत नाही ती आपणास काही शिकवीत नाही.

दसऱ्यास तिला झेंडूची माळ घातली, तोवर मात्र एक विलक्षण गोष्ट घडून गेली होती. सायकल जसजशी अंगवळणी पडली, तसतशी ती जाणवेनाशी झाली. जाणवे ती वाट, वारा आणि स्वतःचा श्वास. ज्या दिवसांत ती परकी होती त्याच दिवसांत ममत्वाचा ताप अधिक होता. मग वहिवाटीने ममत्व विरते असे मानावे काय? हातात पुरते मुरलेले साधन अपरिग्रहाचे द्वार ठरते, असा सिद्धांत मी मनाशी जवळजवळ कायम केला होता.

तोच शेजारचा मुलगा दारात येऊन म्हणाला, "काका, एक चक्कर मारून येऊ का?" मी "जा" म्हटले खरे, पण तो वळणाआड होईपर्यंत माझी बोटे रिकाम्या हवेत ब्रेक आवळीत होती. ममत्व विरले नव्हते. ते दृष्टीआड होऊन हाताच्या स्नायूंत उतरले होते, आणि दिसत नाही ते गेले असे समजणे ही माझी चूक होती. विस्मरण आणि वैराग्य यांतील हा भेद मी ग्रंथांत अनेकदा वाचला असेल, पण तो त्या पाऊण तासात मला प्रथम कळला.

मुलगा घामाघूम होऊन परतला. दांडीवर माझ्या ओरखड्याशेजारी लाल माती लागली होती आणि गादी त्याने चार बोटे खाली घेतली होती. ती वर घेण्यासाठी मी कळ सैल केली, आणि तशीच पुन्हा आवळली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो येणार होता.